बादली, चेंडू आणि जन्मदाखला

विजय बारसे सरांची गोष्ट सांगणारा प्रत्येक जण पावसापासून सुरुवात करतो. साल २००१, नागपूरचा धो धो पाऊस, चिखल, आणि त्या चिखलात वस्तीतली पोरं एक फुटकी प्लास्टिकची बादली लाथाडत पळतायत. हिस्लॉप कॉलेजात खेळ शिकवणाऱ्या बारसे सरांची नजर त्यांच्यावर पडते. सर त्यांना फुटबॉल आणून देतात. जितका वेळ ही पोरं खेळतात तितका वेळ ती खर्रा, दारू, जुगार आणि भांडणं यांपासून लांब असतात, हे सरांच्या लक्षात येतं. पुढे क्रीडा विकास संस्था, ‘झोपडपट्टी फुटबॉल’, मग जगाला माहीत झालेलं ‘स्लम सॉकर’. नागराज मंजुळेंच्या ‘झुंड’ या सिनेमातही हाच पाऊस आहे, फक्त सर म्हणजे अमिताभ बच्चन.

गोष्ट खरी आहे, आणि चांगलीही आहे. पण चेंडू देणारे आपल्याकडे पुष्कळ असतात. पंधरा ऑगस्टला कुठलं ना कुठलं मंडळ वस्तीत बॅटी नाहीतर कॅरम बोर्ड वाटतं, फोटो निघतो, पाहुण्याच्या गळ्यात हार पडतो. महिनाभरात कॅरमच्या सोंगट्या हरवतात आणि पोरं पुन्हा पानठेल्यावर दिसतात. पहिला चेंडू फाटल्यावर दुसरा कोण आणतो, त्यात हवा कोण भरतो, रात्री तो कोणाच्या घरी राहतो, यावर अशा कामांचं आयुष्य ठरतं. ते कुठल्याच सिनेमात येत नाही, कारण ते बघायला कंटाळवाणं असतं. म्हणून पावसाची गोष्ट इथेच थांबवतो आणि जरा मागच्या खोलीत शिरतो.

नागपूरला फुटबॉल काही सरांनी आणला नाही, हे आधी सांगायला हवं. शेजारचं कामठी हे छावणीचं गाव फुटबॉलवेडं आहे. तिथल्या रब्बानी क्लबचं नाव विदर्भातल्या कुठल्याही जुन्या खेळाडूसमोर काढून बघा, अर्धा तास तुमचा गेलाच. शहरातही लीगचे क्लब, शाळांचे संघ, रेल्वेचे खेळाडू अशी परंपरा होती. वस्तीतलं पोरगं मात्र या सगळ्याच्या कुंपणाबाहेर उभं राहून बघायचं. क्लबात यायचं तर बूट हवेत, वर्गणी हवी, आणि ‘हा कोणाचा?’ या प्रश्नाला उत्तर हवं.

सरांनी स्पर्धा जाहीर केली ती फक्त झोपडपट्टीतल्या मुलांसाठी. संघ आले १२८. हा आकडा आता प्रत्येक लेखात असतो आणि वाचणारा ‘अरे वा’ म्हणून पुढे सरकतो. ज्यानं कधी गल्लीतली साधी स्पर्धा भरवली आहे त्याच्या पोटात मात्र हा आकडा वाचून गोळा येईल. १२८ संघ नुसत्या बाद पद्धतीनं खेळवायचे म्हटले तरी विजेता ठरायला १२७ सामने लागतात. अकराच्या हिशेबानं, राखीव खेळाडू सोडून, चौदाशेच्या वर पोरं. त्यांना वेळ सांगायची, आणि ज्यांच्या घरी फोन नाही त्यांना निरोप पोचवायचा. पंच हवेत, शिट्ट्या हव्यात, चुन्याची पोती हवीत. पाऊस आला की आखलेली रेघ वाहून जाते. हरलेला संघ ‘पंचानं खाल्लं’ म्हणून बाह्या सरसावून येतो. आणि या स्पर्धेत येणाऱ्यांपैकी काहींची नावं आधीच पोलीस चौकीच्या वहीत नोंदलेली.

मुलं आली ती अनवाणी, फाटक्या कपड्यांत. खेळाच्या नियमांप्रमाणे बूट सक्तीचे, हे खरं. पण आपल्या देशानं १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये फ्रान्सशी सामना खेळला तेव्हा संघातले बहुतेक खेळाडू अनवाणीच होते आणि आपण २-१ असे जेमतेम हरलो होतो, दोन पेनल्टी वाया घालवून. नागपूरच्या पोरांना हे ठाऊक नसणार. बूट नाहीत म्हणून त्यांना परत पाठवायचं तर स्पर्धाच बंद करावी लागली असती. नियमांचं पुस्तक खिशात ठेवून सामना सुरू करणं ही अशा संस्थांची पहिली कसोटी असते. काही संयोजक तिथेच नापास होतात, कारण त्यांना स्पर्धा छान दिसायला हवी असते.

नावावरूनही कुरबुर झालीच. ‘झोपडपट्टी’ हा शब्द फलकावर कशाला, काहीतरी बरं नाव द्या, असा सल्ला सरांना मिळाला. त्यांनी तो ऐकला नाही. मला हा त्यांचा हट्ट बरोबर वाटतो. ‘उदयोन्मुख’, ‘नवप्रतिभा’ वगैरे नाव दिलं असतं तर दुसऱ्या वर्षी कॉलनीतले, बूट असलेले संघ नाव नोंदवायला रांगेत पुढे उभे राहिले असते आणि वस्तीतली पोरं पुन्हा कुंपणापाशी.

त्याच साली, २००१ मध्ये, तिकडे केप टाउनला आणखी एक बैठक चालली होती. बेघर माणसं रस्त्यावर उभी राहून जी वृत्तपत्रं विकतात त्यांच्या चालकांची परिषद. ती संपल्यावर स्कॉटलंडचे मेल यंग आणि ऑस्ट्रियाचे हाराल्ड श्मीड बिअर घेत बसले. परिषदेला आपण येतो, पण ज्यांच्यासाठी हे चालतं ते बेघर लोक कधीच येत नाहीत, ते एकमेकांना भेटणार कसे, भाषा कोणती बोलणार, अशी चर्चा. उत्तर निघालं फुटबॉल. २००३ साली ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहरात १८ देशांचा पहिला होमलेस वर्ल्ड कप झाला, आणि पुढे नागपूरच्या वस्तीतली पोरं भारताची जर्सी घालून याच स्पर्धेत उतरली. आपल्याकडे या कामाचा शुभारंभ चहावर झाला असता, एवढाच काय तो फरक.

या कपचे नियम मुद्दाम वाचण्यासारखे आहेत, कारण नागपूरच्या संस्थेची घडी त्यांच्याशी चांगली जुळते. मैदान २२ बाय १६ मीटर. एका बाजूला चौघं, त्यातला एक गोलकीपर. सात-सात मिनिटांचे दोन डाव, की सामना संपला. आता हिशेब करा. अकरा-अकराचं पूर्ण मैदान साधारण १०५ बाय ६८ मीटरचं असतं, म्हणजे क्षेत्रफळानं अशा वीस छोट्या मैदानांएवढं. वस्तीत पूर्ण मैदान मिळणं केवळ अशक्य. पण पाण्याच्या टाकीखाली, शाळेच्या मागे, दोन घरांच्या रांगांमध्ये २२ बाय १६ ची जागा कशीबशी निघते. तिथे चेंडू सारखा पायात येतो, शंभर मीटर पळून एकदाही चेंडूला न शिवण्याची वेळ कोणावर येत नाही. नुसतं बघत उभं राहायची सवय लागलेल्या पोराला हे फार मानवतं.

दुसरा नियम कडक आहे: एका खेळाडूला हा कप आयुष्यात एकदाच खेळता येतो. कितीही गोल करा, पुढच्या वर्षी तुमची जागा दुसऱ्याची. प्रथमदर्शनी हे क्रूर वाटतं. परदेशातून परत आलेलं, विमानात बसलेलं, टीव्हीवर झळकलेलं पोरगं दुसऱ्या दिवशी वस्तीत येतं तेव्हा करायचं काय? कौतुक आठवडाभर पुरतं. जुने दोस्त जुन्याच ठिकाणी बसलेले असतात. इथे संस्थेनं जे केलं ते मला तिच्या सगळ्या पदकांपेक्षा मोठं वाटतं. परत आलेल्यांना तिनं शिट्टी दिली. ते प्रशिक्षक झाले. २०१० साली रिओला या कपमध्ये भारताचा कर्णधार असलेल्या तरुणानं ‘सत्यमेव जयते’ या टीव्ही कार्यक्रमाच्या तिसऱ्या पर्वाच्या पहिल्याच भागात, ५ ऑक्टोबर २०१४ ला, साऱ्या देशासमोर आपली गुन्हेगारीतली वर्षं सांगितली. तोही पुढे मुलांना शिकवायला लागला. आता विचार करा, वस्तीतलं एखादं पोरगं चुकतंय हे ओळखायला याच्याइतका तयार डोळा कोणाचा? ‘काय बे, काल कुठं होता?’ हा प्रश्न समाजकार्याची पदवी घेतलेल्या कार्यकर्त्यानं विचारला तर पोरगं काहीतरी थाप मारतं. यानं विचारल्यावर थाप मारून उपयोग नसतो, कारण त्या सगळ्या थापा त्यानं स्वतः मारून झालेल्या असतात.

घरातली बाजू पेपरात कमी येते. पत्नी रंजनाताई सरांच्या बरोबरीनं यात होत्या. मुलगा अभिजित शिक्षण-करिअरसाठी अमेरिकेत गेलेला. वडिलांचं काम किती वाढलंय हे त्याला घरून आलेल्या फोनवर नव्हे, तर तिकडे वाचनात आलेल्या एका बातमीतून नीट कळलं. मराठी घरांत बापलेकांमध्ये हे असंच चालायचं. फोनवर ‘बरं आहे ना? जेवलास का?’ यापलीकडे विषय जात नाही. अभिजित परत आला आणि त्यानं कारभार हाती घेतला. तोवर सरांनी निवृत्तीनंतर मिळालेले पैसे शहराबाहेर जमीन घेण्यात घातले होते. नागपूरच्या वेशीवर बोखारा इथे संस्थेचं मैदान आणि केंद्र उभं राहिलं. सेवानिवृत्त प्राध्यापक फंडाचे पैसे कुठे घालतात हे आपण सगळे जाणतो: मुलाचा फ्लॅट, मुलीचं लग्न, उरलं तर चारधाम. त्या पैशांतून दुसऱ्यांच्या पोरांसाठी जमीन घ्यायची तर घरातल्या किती माणसांनी होकार द्यावा लागला असेल!

मैदानाच्या बाबतीत नियतीनं एक विनोदही करून ठेवला आहे. ‘झुंड’च्या चित्रीकरणासाठी आधी पुण्याला, विद्यापीठाच्या मैदानावर सेट उभा राहिला होता. मैदान सिनेमाला दिलंच कसं, यावरून वाद पेटला आणि सेट काढावा लागला. ज्यांना खेळायला मैदान मिळत नाही अशा पोरांवरचा सिनेमा, आणि त्यालाच मैदान सोडावं लागलं! अखेर गोष्ट जिथली तिथेच गेली. नागपुरात सेट लागला, २०१८ च्या डिसेंबरात बच्चनसाहेब तिथे येऊन दाखल झाले, आणि पडद्यावरच्या टोळीतली बरीचशी पोरं नागपूरच्याच वस्त्यांतली, आयुष्यात कधी कॅमेऱ्यासमोर न आलेली होती. सिनेमा लागला ४ मार्च २०२२ ला. मधली वर्षं कोर्टकचेरी आणि कोरोनानं खाल्ली.

आता कागदांकडे. मागच्या खोलीत सर्वात जास्त जागा कपाटांनी व्यापलेली असते, चेंडूंनी नव्हे.

सार्वजनिक न्यास म्हटला की धर्मादाय आयुक्तांचं कार्यालय आलं. विश्वस्त बदलला की चेंज रिपोर्ट, वर्ष संपलं की ऑडिट. देणगीदाराला करसवलत द्यायची तर आयकर खात्याची मान्यता. परदेशातून पैसा घ्यायचा तर परकीय योगदानाच्या कायद्याखाली वेगळी नोंदणी आणि वेगळं बँक खातं. १ एप्रिल २०१४ पासून मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याच्या दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करणं कायद्यानं बंधनकारक झालं. परिशिष्टात खेळाचं प्रशिक्षणही बसलं, त्यामुळे अशा संस्थांना दार उघडलं. पण दारात उभा असलेला माणूस एकच प्रश्न विचारतो: किती मुलं, आणि त्यांच्यात काय फरक पडला? फरक पडलाय हे पोराच्या आईला एका नजरेत कळतं. ते तक्त्यात बसवायचं तर हजेरीची वही लागते. जो प्रशिक्षक स्वतः सातवीत शाळा सोडून आलाय त्याला रोज संध्याकाळी चिखलाच्या हातानं ती वही भरायला लावणं हे डावा पाय घोटवून घेण्याहून अवघड काम आहे.

आणि पासपोर्ट. परदेशी स्पर्धेला संघ न्यायचा म्हणजे दरवर्षी नवे खेळाडू, कारण नियमच तसा, म्हणून दरवर्षी नवे पासपोर्ट. २०१६ च्या डिसेंबरपर्यंत आपल्याकडे नियम होता की २६ जानेवारी १९८९ किंवा त्यानंतर जन्मलेल्या अर्जदाराला जन्मतारखेच्या पुराव्यासाठी जन्म-मृत्यू नोंदणीतलाच दाखला द्यावा लागेल. शाळा सोडल्याचा दाखला चालणार नाही. होमलेस वर्ल्ड कपला किमान वय सोळा. म्हणजे २००८, २०१० च्या सुमाराला जी पोरं निवडीसाठी उभी होती त्यांतली बरीचशी नेमकी या नियमाच्या जाळ्यात सापडणारी. वस्तीत कितीतरी बाळंतपणं घरी, सुईणीच्या हाती झालेली. नोंद करायला कोण गेलंय? आईला विचारावं तर ती सांगते, पोळ्याच्या आधीचा जन्म, त्या वर्षी नाल्याला पूर आला होता. बापाचं नाव शाळेत एक, रेशनकार्डावर दुसरं. आडनावाचं स्पेलिंग तीन ठिकाणी तीन तऱ्हेचं.

मग उशिरा नोंदणी. जन्माला वर्ष उलटून गेलं असेल तर १९६९ च्या कायद्याप्रमाणे त्या काळी प्रथमवर्ग दंडाधिकाऱ्यांचा आदेश आणावा लागे. म्हणजे वकील, प्रतिज्ञापत्र, महानगरपालिकेकडून ‘नोंद आढळून येत नाही’ असा दाखला, तारीख, पुढची तारीख. एवढं होईतो कपची तारीख डोक्यावर. मैदानात पोरगं तयार, कागदात अजून जन्मायचंय.

ज्याच्यावर खटला चालू आहे त्याची तर वेगळीच कथा. पासपोर्ट कायद्याच्या सहाव्या कलमाप्रमाणे भारतातल्या न्यायालयात फौजदारी खटला प्रलंबित असेल तर पासपोर्ट नाकारता येतो. १९९३ च्या एका अधिसूचनेनं वाट ठेवली आहे: संबंधित कोर्टाची परवानगी आणा, मग ठरावीक मुदतीचा पासपोर्ट मिळू शकतो, आणि कोर्टानं मुदत सांगितली नसेल तर एक वर्षाचा. त्यानंतरही पोलीस पडताळणी असतेच. शिपाई पत्ता शोधत वस्तीत येतो. गणवेश दिसला की अर्धी पोरं मागच्या गल्लीतून पसार होतात, आणि त्यात ज्याच्या चौकशीला तो आलाय तोही असतो. चौकशी त्याच्या भल्यासाठी आहे हे त्याला कोण सांगणार? आयुष्यात पहिल्यांदाच पोलीस त्याला पकडायला आलेले नसतात. ‘झुंड’चा शेवटचा भाग याच धावपळीवर उभा आहे आणि माझ्या मते सिनेमातला तोच सर्वात खरा भाग आहे. सामन्यातल्या गोलपेक्षा विमानतळाच्या सुरक्षा दारातून आत जाणं तिथे जास्त श्वास रोखायला लावतं.

एवढं करून व्हिसा बाकी राहतो. या बाबतीत आपणच दुर्दैवी आहोत असं नाही. २००५ चा कप मुळात न्यूयॉर्कला व्हायचा होता, अमेरिकी व्हिसाच्या अडचणींमुळे तो एडिनबरोला हलवावा लागला, आणि तिथेही काही आफ्रिकी संघांना ब्रिटननं व्हिसा नाकारला. बेघरांच्या स्पर्धेला येणाऱ्याकडे ‘मायदेशी परत जाण्याची कारणं’ म्हणून घर, नोकरी, बँकेतली शिल्लक मागायची, यातला विनोद त्या खिडकीमागच्या अधिकाऱ्याला दिसत नाही.

अशा संस्थांची एक थोरली बहीण नैरोबीच्या मथारे वस्तीत आहे. १९८७ साली बॉब मन्रो या कॅनेडियन गृहस्थानं तिथल्या मुलांबरोबर ती सुरू केली. तिथलं एक तंत्र मला फार आवडतं. लीगमधल्या संघानं ठरल्या दिवशी वस्तीतला कचरा उचलला, गटार साफ केलं, की त्याचे गुण थेट गुणतक्त्यात जमा होतात. एका साफसफाईचे सहा गुण, म्हणजे सामना जिंकण्यापेक्षा जास्त. मैदानावर भारी असलेला संघ झाडू न उचलल्यामुळे तक्त्यात खाली घसरू शकतो. तिथली पोरं फुटबॉलचा गुणतक्ता वाचतात तेव्हा त्यात गटाराचाही हिशेब असतो. नागपूरच्या संस्थेनं वेगळ्या वाटा काढल्या: खेळातून गणित-भाषा शिकवणारा ‘एड्युकिक’, मुलींसाठी ‘शक्ती गर्ल्स’, कर्णबधिर मुलांसाठी ‘डेफ किक’. शेवटच्या उपक्रमात पंचाच्या शिट्टीचा काही उपयोग नसतो, तिथे हातातलं निशाण बोलतं.

मुलींचा भाग वाटतो तितका सोपा नसतो. मुलाला मैदानावर आणायला चेंडू पुरतो. मुलीसाठी आधी आईशी बोलावं लागतं, मग बापाशी, मग घराच्या ओट्यावर बसलेल्या आजीशी, आणि खरा अडथळा बहुतेकदा आजीच असते. अर्धी चड्डी घालायची की पायजमा, संध्याकाळी किती वाजता परत, सोबत कोण, नळाला पाणी यायच्या वेळेला ती घरी असेल ना. तो शेवटचा प्रश्न फार खरा आहे. पाण्याची वेळ सरावाच्या वेळेशी भिडली तर वस्तीत नेहमी पाणी जिंकतं. सरावाची वेळ बदलणं एवढंच प्रशिक्षकाच्या हाती राहतं. महानगरपालिकेच्या नळाला शिट्टी ऐकू येत नाही.

२०१६ साली फिफानं आपला पहिला विविधता पुरस्कार या नागपूरच्या संस्थेला दिला. जगभरातल्या फुटबॉलची मालकी सांगणाऱ्या संघटनेनं फुटक्या बादलीची दखल घेतली, म्हणून वृत्तपत्रांनी बातम्या छापल्या, आणि ते योग्यच झालं. त्याच वर्षी डिसेंबरात परराष्ट्र मंत्रालयानं पासपोर्टचे नियम सैल केले: जन्मदाखल्याऐवजी शाळेचा दाखला, आधार, पॅन, मतदार ओळखपत्र, यांतलं काहीही चालेल. ही बातमी आतल्या पानावर आली. पोरांचे कागद गोळा करण्यात ज्यांनी वर्षं घालवली असतील, त्यांना त्या वर्षातल्या दोन बातम्यांपैकी मोठी कोणती वाटली असेल, याबद्दल माझ्या मनात फारशी शंका नाही.